नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

‘पर्यंत’ हे मराठी भाषेतील एक साधेसुधे शब्दयोगी अव्यय आहे. चर्चगेटहून सुटलेली गाडी विरारपर्यंत जाते असे म्हटले, म्हणजे ती विरारला पोहोचते एवढाच त्याचा अर्थ. ही गाडी अंधेरीलाच थांबवून, ‘विरारपर्यंत म्हणजे विरारच्या पुढे नाही, एवढेच आम्ही म्हटले होते’ असा खुलासा रेल्वेने केला, तर विरारचा प्रवासी तो मुकाट्याने ऐकून घेईल काय? परंतु इंटरनेटची सेवा विकणाऱ्यांच्या जाहिरातींत नेमका हाच खुलासा राजरोस चालतो. ‘८ मेगाबिटपर्यंत’, ‘२४ मेगाबिटपर्यंत’, ‘१०० मेगाबिटपर्यंत’ असे आकडे ठळक अक्षरांत छापावयाचे आणि त्या ‘पर्यंत’च्या पोटात शून्यापासूनचे सारे आकडे सुखाने नांदू द्यावयाचे, हा या व्यापाराचा रिवाज झाला आहे. ग्राहक पैसे मोजतो ते कमाल वेगाचे. त्याच्या पदरी पडतो तो किमान वेग. आणि तो किमान वेग किती असेल, हे मात्र त्याला कोणीही लिहून देत नाही.

हा प्रश्न वसई-विरारकरांच्या जिव्हाळ्याचा कसा, हे समजण्यासाठी त्यांचा दिनक्रम पाहावा. चार नगरपालिका आणि त्यांच्या भोवतालची गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेतच तिची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेली होती. या नगरीतील फार मोठा नोकरदार वर्ग पहाटे घर सोडतो, गाडीच्या दारात लोंबकळत मुंबई गाठतो आणि दिवेलागणीनंतर कधीतरी परततो. त्याच्या हाती घरचे म्हणून जे उरतात ते रात्रीचे दोन-तीन तास. याच वेळी मुलांना अभ्यासाची व्याख्याने ऐकावयाची असतात, परदेशी गेलेल्या लेकीचे तोंड वृद्ध आईबापांना पाहावयाचे असते, आणि दिवसभर शिणलेल्या माणसाला एखादे नाटक किंवा क्रिकेटचा सामना पाहावासा वाटतो. नेमक्या याच वेळी पडद्यावरील चित्र गोठते आणि ते कुप्रसिद्ध चक्र गरगर फिरू लागते. २०२० साली टाळेबंदीत शाळा आणि कचेऱ्या दोन्ही घरात आल्या, तेव्हा हे चक्र ही केवळ करमणुकीची अडचण नसून शिक्षणाची आणि पोटापाण्याचीही अडचण आहे, हे घरोघर कळून चुकले.

तेव्हा एचडी नावाच्या या स्वच्छ, रेखीव चित्राला लागते तरी किती, याचा हिशेब एकदा मांडू या. पूर्ण एचडी चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट धरले आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर दर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट धाडावे लागतील. एवढा भार घरगुती तारेला पेलणे शक्यच नाही. परंतु एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जेवढे बदलले तेवढेच धाडावयाचे, न बदललेली भिंत आणि न हललेले आकाश पुन्हा पुन्हा धाडावयाचे नाही, अशी युक्ती अभियंत्यांनी योजली. २००३ साली प्रमाणित झालेल्या एच.२६४ या पद्धतीने हा भार सुमारे अडीचशेपटींनी हलका करता येतो आणि तो ५ मेगाबिटांच्या आसपास उतरतो. नेटफ्लिक्ससारख्या संस्था अशा एका चित्रासाठी ५ मेगाबिटांचीच शिफारस करतात. त्याहून सूक्ष्म अशा ४के चित्रासाठी १५ मेगाबिटांची. क्रिकेटच्या सामन्यात सारेच धावते असते, म्हणून तेथे भार अधिकच. आणि हे ५ मेगाबिट क्षणभर मिळून भागत नाही. चित्र चालू असेपर्यंत ते अखंड मिळावे लागतात. या वेगाने एका तासात सव्वादोन गिगाबाइटांचा ऐवज घरात उतरतो. एका घरात दोन पडदे आणि एक ऑनलाइन वर्ग एकाच वेळी चालू असेल, तर १२ मेगाबिटांखाली निभाव लागणे कठीण.

आता ज्या तारेवरून हे सारे यावयाचे, त्या तारेकडे वळू. डीएसएल ही खरोखर बुद्धिमान युक्ती होती, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. टेलिफोनवरील बोलणे तांब्याच्या जोडतारेतील कंपनांचा अगदी थोडा भाग वापरते. उरलेला भाग वर्षानुवर्षे रिकामा पडून होता. त्या रिकाम्या भागातून इंटरनेट धाडण्याची सोय डीएसएलने केली आणि नवी तार न टाकता घरोघर इंटरनेट पोहोचविले. एडीएसएलची पहिली प्रमाणित पद्धत सुमारे ८ मेगाबिटांची होती. २००३ च्या एडीएसएल २ प्लस या सुधारित पद्धतीने हीच मर्यादा २४ मेगाबिटांपर्यंत नेली. परंतु तांब्याचा स्वभाव मात्र कोणाला बदलता आला नाही. कंपने जितकी द्रुत तितकी ती तारेत लवकर विरतात. आणि अधिक वेग द्यावयाचा तर द्रुत कंपनेच वापरावी लागतात. म्हणून टेलिफोन एक्स्चेंजच्या शेजारी राहणाऱ्याला जो वेग मिळतो, तो तीन किलोमीटरवरील घरात निम्म्याच्याही खाली येतो, आणि पाच किलोमीटरवर दोन-तीन मेगाबिट उरले तरी नशीब म्हणावे. तार जाडीला कमी असेल, तिच्यात सांधे अनेक असतील, तर तेवढेही नाही. जाहिरातीतील आकडा त्या शेजाऱ्याचा. बिल मात्र सर्वांना सारखे!

वसईचा भूगोल या तारेच्या मुळीच सोयीचा नाही. इमारतींची दाटी रेल्वे स्थानकांच्या भोवती. पण वस्ती तेथेच संपत नाही. पश्चिमेला पापडी, गास, निर्मळ, वाघोली, भुईगाव यांपासून अर्नाळ्यापर्यंत वाड्यांतून विखुरलेली घरे आहेत. पूर्वेला महामार्गाकडे सरकत गेलेल्या नव्या वसाहती आहेत. त्यातच खाऱ्या वाऱ्याने सांधे गंजतात आणि पावसाळ्यात जमिनीखालच्या पेट्यांत पाणी शिरते. २०१८ च्या जुलैमध्ये या शहरात पाणी तुंबले, गाड्या थांबल्या, वीज गेली आणि मिठागरांच्या वस्तीतील माणसे पाण्यात अडकून पडली. हे वसईकर विसरलेले नाहीत. ज्या शहरात दरवर्षी पाणी कोठे साचते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तेथे तारांच्या पेट्या त्याच पाण्याच्या पातळीत ठेवाव्यात, याला निसर्गाचा कोप म्हणावयाचे की नियोजनाचे दिवाळे?

या भूगोलात एक प्रशासकीय रेषाही आहे. भाईंदर आणि नायगाव यांच्यामध्ये एक खाडी आहे. परंतु टेलिफोनच्या जगात ती खाडी म्हणजे दोन राज्यांची सीमा होऊन बसली. १ एप्रिल १९८६ रोजी स्थापन झालेल्या महानगर टेलिफोन निगमचे क्षेत्र खाडीच्या दक्षिण तीरावर संपले. तेथवर क्रमांक ०२२. उत्तर तीरावर ०२५०, आणि २००० च्या ऑक्टोबरपासून कारभार भारत संचार निगमचा. २००६ च्या सुमारास टेलिफोनच्या तारेवरून दूरचित्रवाणी दाखविण्याचा प्रयोग झाला, तो मुंबई आणि दिल्ली या महानगरांपासून. पोटासाठी आपली माणसे रोज मुंबईला धाडणारे हे शहर मुंबईच्या कामात मुंबई, आणि मुंबईच्या सोयींत मात्र परगाव! १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर जिल्ह्याचे नाव बदलले. या परगावपणाची भावना मात्र गेली नाही.

तारेची लांबी हे झाले एक कारण. दुसरे कारण याहून अधिक झाकलेले आहे. घरापर्यंतची तार तुमची एकट्याची असली, तरी एक्स्चेंजपासून पुढचा रस्ता सर्वांच्या वाटणीचा असतो. २००९ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, घरगुती डीएसएलसाठी या वाटणीचे प्रमाण घालून दिले ते एकास पन्नास. म्हणजे २ मेगाबिटांच्या पन्नास ग्राहकांमागे २ मेगाबिटांचा एक रस्ता! पन्नासही जण एकदमच आले तर प्रत्येकाच्या वाट्याला अवघे ४० किलोबिट. पत्रे वाचावयाची आणि पाठवावयाची होती तोवर हे चालून गेले, कारण पत्र क्षणात उतरते आणि रस्ता मोकळा होतो. पन्नास घरे एका विहिरीवर घागरी भरतात, तेव्हा विहीर पुरते. पन्नास वाड्यांचे पंप एकाच वेळी रात्रभर त्याच विहिरीवर लावले, तर तळ दिसू लागतो. दूरचित्रवाणी ही घागर नव्हे, तो अखंड चालणारा पंप आहे. आडातच नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार? रात्री नऊ वाजता चित्र का गोठते, याचे उत्तर ग्राहकाच्या घरातील मोडेममध्ये शोधणे म्हणूनच अनेकदा व्यर्थ ठरते.

आता राज्यकर्त्यांचा हिशेब पाहू. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिटांच्या जोडणीला ‘ब्रॉडबँड’ ही पदवी बहाल केली. २०१२ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने किमान २ मेगाबिटांचे ध्येय जाहीर केले. प्रत्यक्षात २०१३ साली व्याख्या सरकली ती ५१२ किलोबिटांवर. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संप्रेषण धोरणाने तर २०२२ पर्यंत प्रत्येक नागरिकाला ५० मेगाबिट देण्याची घोषणा केली. ते साल आले आणि गेले. त्यानंतर, २०२३ च्या जानेवारीत, सरकारने ब्रॉडबँडची नवी व्याख्या राजपत्रात प्रसिद्ध केली. ती किती मेगाबिटांची असावी? २ मेगाबिटांची! घोषणा पन्नासाची आणि व्याख्या दोनाची. ज्या वेगावर एचडीचे एकही चित्र चालणार नाही, त्याला सरकारदरबारी ‘रुंद पट्टा’ म्हणावयाचे, याला आमच्या आज्यांनी फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे: नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! अमेरिकेच्या नियामक आयोगाने हीच रेषा २०१५ साली २५ मेगाबिटांवर आणि २०२४ साली १०० मेगाबिटांवर नेली. त्या श्रीमंत राष्ट्राशी बरोबरी करा, असा आमचा हट्ट नाही. परंतु आपल्याच धोरणातील आकड्याशी तरी बरोबरी करा, एवढे म्हणण्याचा अधिकार नागरिकाला आहे की नाही?

यावर कोणी म्हणेल की, तांब्याच्या तारेचे हे रडगाणे आता शिळे झाले. प्रकाशतंतूंचे, म्हणजे फायबरचे युग आले आहे. या आक्षेपात तथ्य आहे. काचेच्या तंतूला अंतराची तशी बाधा होत नाही, गंज चढत नाही, आणि प्रचलित जीपीओएन पद्धतीत अडीच गिगाबिटांचा एक तंतू ६४ घरांत वाटला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३९ मेगाबिटांच्या आसपास येतात. चौसष्टही घरांनी एकाच वेळी एचडी चित्र लावले तरी ३२० मेगाबिटच लागतील. म्हणजे घराजवळ टंचाई नाही. पण याच कारणाने आमचा मुद्दा अधिक बळकट होतो. तंतू बदलला, ‘पर्यंत’ बदलला नाही! वाटणीच्या तंतूवर ‘१०० पर्यंत’ची विक्री चालूच आहे, मागचा सामाईक रस्ता किती रुंद आहे हे आजही गुलदस्त्यात आहे, आणि विजेच्या खांबांवरून लोंबणाऱ्या तारांच्या जंजाळातील एक तंतू तुटला म्हणजे अख्खी इमारत अंधारात जाते. शिवाय दूरच्या वाड्यांत, जुन्या चाळींत, जेथे फायबर नेणे व्यापाऱ्याला परवडत नाही, तेथे तांबे किंवा मोबाइलची भरवशाची नसलेली लहर हाच आधार उरतो. साधन नवे आणि लबाडी जुनी राहिली, तर ग्राहकाने कशाचा उत्सव करावा?

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. ज्या शहरात लोक टँकरच्या पाण्यावर दिवस काढतात आणि लोकलमध्ये उभे राहण्यास जागा मिळत नाही, तेथे स्वच्छ चित्राची चैन कसली मागता, असे विचारले जाईल. आम्ही या प्रश्नाला बगल देणार नाही. पाणी आधी, गाडी आधी, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु येथे आम्ही कोणाकडे दान मागत नाही. ग्राहकाने दर महिन्याला रोख मोजलेल्या पैशांच्या बदल्यात ठरलेला माल मागत आहोत. दूधवाल्याने लिटरचे पैसे घेऊन अर्धा लिटर घातले, तर ‘शहरात पाण्याचीही टंचाई आहे’ हे उत्तर कोणी मान्य करील काय? वजनमापाचा कायदा किराणा दुकानाला लागू आहे. मग मेगाबिट विकणाऱ्याच्या तराजूवर कोणाची नजर नको काय?

आणि हा तराजू तपासणे अशक्यही नाही. ट्रायने २००६ साली ब्रॉडबँडच्या गुणवत्तेचे नियम केले. २०२४ च्या ऑक्टोबरपासून नवे नियम अमलात आले. परंतु या नियमांतील मोजमाप सेवाक्षेत्राच्या सरासरीवर चालते. सरासरीत नालासोपाऱ्याचे घर दिसत नाही. एक्स्चेंजशेजारच्या घराचा वेग आणि अर्नाळ्याच्या घराचा वेग मिळून जी संख्या निघते, ती दोघांपैकी कोणाच्याच घरी पोहोचत नाही. ब्रिटनने वेगळा मार्ग धरला. तेथे २०१८ च्या मे महिन्यापासून ‘पर्यंत’च्या जाहिरातींना चाप बसला: गर्दीच्या वेळी, म्हणजे रात्री आठ ते दहा या वेळेत, निम्म्या ग्राहकांना तरी जो वेग मिळतो, तोच जाहिरातीत सांगावयाचा. तेथील नियामकाच्या आचारसंहितेनुसार २०१९ च्या मार्चपासून, ती स्वीकारणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक ग्राहकाला विक्रीच्या वेळीच किमान वेगाची हमी द्यावयाची. वेग त्याखाली गेला आणि तीस दिवसांत सुधारला नाही, तर दंडाविना करार मोडण्याचा अधिकार ग्राहकाला. ब्रिटनमध्येही तारा तांब्याच्याच होत्या आणि अंतरेही होतीच. फरक होता तो शब्द पाळण्याच्या सक्तीचा.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली: ट्रायने ‘पर्यंत’ची जाहिरात बंद करावी, आणि रात्री आठ ते अकरा या वेळेत त्या विशिष्ट घरी मिळणारा किमान वेग प्रत्येक ग्राहकाला लेखी द्यावा, अशी सक्ती करावी. हमी मोडली तर बिलात सूट, आणि महिन्याभरात सुधारणा न झाल्यास विनादंड सुटका. दुसरी: केंद्र सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या निदान १० मेगाबिटांवर आणावी, २ मेगाबिट विकावयाचे असतील त्यांनी ते खुशाल विकावे, पण त्याला ब्रॉडबँड म्हणू नये. तिसरी: वेगाची मोजणी प्रभागवार व्हावी आणि आकडे मराठीत प्रसिद्ध व्हावेत. चौथी मागणी आमच्या महापालिकेकडे आहे. रस्ता एकदा पाण्याच्या नळासाठी, एकदा गटारासाठी, एकदा तारेसाठी खोदावयाचा आणि दरवेळी जुनी तार तोडावयाची, हा खेळ थांबवावा. जेथे रस्ता उघडला जाईल तेथे सर्व कंपन्यांना भाड्याने घेता येईल अशी सामाईक नळी टाकून ठेवावी, आणि तारांच्या पेट्या पुराच्या पातळीच्या वर बसविण्याची अट परवान्यात घालावी. १ जानेवारी २०२५ पासून मार्गाधिकाराचे नवे केंद्रीय नियम अमलात आहेत. त्यांचा उपयोग केवळ परवानगीचे कागद फिरविण्यासाठी न होता शहराच्या शिस्तीसाठी व्हावा.

हमी द्यावयाची तर दर वाढतील, असा बागुलबोवा उभा केला जाईल. वाढोत! ४ मेगाबिट ४ म्हणून विकले गेले, तर त्याची खरी किंमत ग्राहकाला कळेल आणि घ्यावयाचे की नाही हे तो ठरवील. आज त्याला दिसते ती खोट्या आकड्याची स्वस्ताई. प्रामाणिक महागाई परवडते. अप्रामाणिक स्वस्ताई परवडत नाही, हे मध्यमवर्गीय संसाराइतके कोणाला कळणार?

अखेर चार शब्द आमच्या वाचकांस. तक्रार करून उपयोग काय, असे म्हणत पडदा बंद करून झोपी जाणे हा आपला स्वभाव झाला आहे, आणि त्या स्वभावावरच ‘पर्यंत’चे दुकान चालते. आठ दिवस, ठरावीक वेळी, आपल्या जोडणीचा वेग मोजा आणि तारीखवार लिहून ठेवा. आपल्या सोसायटीतील दहा घरांचे आकडे एकत्र करा आणि कंपनीकडे लेखी पाठवा. उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाची पायरी चढा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणारी जाहिरात हा दखलपात्र विषय ठरविला आहे, आणि अशा जाहिरातींवर कारवाई करण्यासाठी २०२० पासून केंद्रीय प्राधिकरणही आहे. एकट्याची कुरकुर फोनवरच विरते; दहा घरांच्या सहीचा कागद फायलीत बसतो आणि उत्तर मागतो. मेगाबिट विकणाऱ्यांनी आपला शब्द पाळावा. आणि तो पाळला जाईतो वसई-विरारकरांनी हिशेब मागणे थांबवू नये.